पुण्याची दुर्बीण व हानलेचें आकाश

लडाखच्या पूर्व भागांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० मीटर उंचीवर, हानले नांवाचें विरळ वस्तीचें खोरें आहे. तेथील दिग्पा-रत्सा री या डोंगरावर २०१८ सालापासून एक स्वयंचलित दुर्बीण आकाशाचे वेध घेत आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था या दोघींनीं मिळून ती उभारली. संशोधनासाठीं असलेली, सर्वस्वीं स्वयंचलित अशी आपल्या देशांतील ही पहिलीच दुर्बीण होय. तिचें कौतुक वृत्तपत्रांतून यथास्थित झालें. परंतु तिची वंशावळ मागें मागें पाहूं लागलें तर ती थेट पुण्यास येऊन पोंचते, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

इ. स. १८८२ मध्यें भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत आले होते. तेथें पदार्थविज्ञान शिकविणारे कावसजी दादाभाई नायगमवाला हे तरुण पारशी गृहस्थ होते. प्रकाशाच्या वर्णपटाचा अभ्यास करण्यास साधनें हवींत, असें त्यांनीं महाराजांच्या कानावर घातलें. महाराजांनीं पांच हजार रुपये दिले व मुंबई सरकारनें तेवढीच भर घातली. पुढें नायगमवाला इंग्लंडास जाऊन जाणत्यांचा सल्ला घेऊन आले, पुण्याच्या सायन्स कॉलेजांत रुजू झाले आणि १८८८ सालीं त्या कॉलेजाच्या आवारांत महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यांतून आलेली तिची वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती.

या दुर्बिणीनें झालेलें काम लहान नव्हे. मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटांत एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे असें नॉर्मन लॉकियर यांचें म्हणणें होतें, आणि इंग्लंडांत लॉकियर यांच्या शब्दाला मोठें वजन होतें. ती तशी असती तर एका अंगानें पुसट दिसावयास हवी होती. नायगमवाला यांनीं पुण्यांतून पुनःपुन्हा पाहिलें व ती दोन्ही अंगांनीं रेखीव आहे असें जाहीर केलें. कॉलेजांत तास घेऊन रात्रीं घुमटाखालीं एकट्यानें उभे राहणाऱ्या अध्यापकाचें हें धैर्य आम्हांस आजही विशेष वाटतें. १८९८ च्या २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन त्यांनीं वेध घेतले.

१९१२ मध्यें ते सेवानिवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही मिटली! दुर्बीण धडधाकट होती, आकाश जागच्या जागीं होतें. तिच्याशीं उभा राहणारा दुसरा माणूस मात्र तयार केलेला नव्हता. यंत्रें कोडाईकनालला गेलीं. तेथील वेधशाळा मुख्यतः सूर्याची. रात्रीच्या पाहुणीस तेथें पुष्कळ वर्षें बेताचेंच काम मिळालें. नंतर १९८० च्या दशकांत, उत्तरेकडील उंच प्रदेशांत नव्या वेधशाळेसाठीं जागा पाहण्याचें चाललें असतां, तेथील आकाश पारखण्यासाठीं हीच दुर्बीण लेहला नेण्यांत आली. पुण्यास पोरकी झालेली दुर्बीण अशा रीतीनें लडाखच्या थंडींत पुन्हा कामास लागली.

या शोधाच्या अखेरीस पसंत पडलें तें हानले. तेथें पाऊस जवळजवळ नाहीं, हवा कोरडी व विरळ, आणि वर्षांतून सुमारें अडीचशे रात्री वेधास योग्य. पण हिवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश उतरतो व श्वासास प्राणवायु पुरत नाहीं. तेव्हां २००० सालीं तेथें दोन मीटर व्यासाची चंद्र दुर्बीण बसली, ती बंगळूरजवळच्या होसकोटे येथून, उपग्रहाच्या द्वारें चालविण्याची योजना झाली. पाहणारा डोंगरावरून खालीं उतरला तो थेट दक्षिणेंत.

२०१८ च्या दुर्बिणीनें पुढचें पाऊल टाकलें. यंत्रमानव म्हटलें कीं हातपाय असलेला लोखंडी पुतळा डोळ्यांपुढें येतो; येथें तसें कांहीं नाहीं. संगणकच वारा, दमटपणा व ढग तपासतो, घुमट उघडतो, त्या रात्रीच्या यादींतून लक्ष्य निवडतो, छायाचित्रें घेतो आणि हवा बिघडली तर घुमट मिटून घेतो. तिचा आरसा ७० सेंटिमीटरचा, म्हणजे पुण्याच्या आरशाहून सुमारें दीडपटीच्या आंतच. तिचें बळ आहे तें आकाशाच्या काळोखांत, विजेवर चालणाऱ्या प्रकाशग्राहींत आणि तत्परतेंत.

ही तत्परता कशासाठीं? १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर पोंचल्या. आकाशाचा बराच भाग धुंडाळावा लागला, व त्या जागीं प्रकाश सांपडला तो चिली देशांतील दुर्बिणींस, कांहीं तासांनीं. असे पाहुणे झपाट्यानें मंदावतात. एका देशांत उजाडलें तर दुसऱ्यानें तो धागा हातीं घ्यावा, यासाठीं पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतील दुर्बिणींची सांखळी झाली आहे आणि हानलेची दुर्बीण तींतील एक कडी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्यें अमेरिकेंतील दुर्बिणीस एक विलक्षण तेज दिसलें, त्याचे वेध हिनेंही घेतले. सुमारें साडेआठ अब्ज प्रकाशवर्षें दूर एका महाकाय कृष्णविवरानें एक तारा फाडून गिळला होता.

पाहणारा माणूस डोंगरावर नाहीं, हें खरें. पण माणसांवांचून चालतें असें मात्र नाहीं. यादी ठरविणारे, बिघाड सुधारणारे आणि छायाचित्रांतून अर्थ काढणारे विद्यार्थी तिच्यामागें आहेत, आणि एक तुकडी गेली तर दुसरी येते. १९१२ मध्यें पुण्यास जें नव्हतें तें हेंच.

दुसरी एक गोष्ट मात्र पुण्यास तेव्हां होती व आतां राहिली नाहीं. आज ती वीस इंची दुर्बीण कोणीं पुन्हा मुळामुठेच्या संगमाजवळ बसविली, तर शहराच्या दिव्यांनीं उजळलेल्या धुरकट आभाळांत मृगांतील तेजोमेघ तिला कसाबसाच दिसेल. हानलेचा काळोख राखण्यासाठीं डिसेंबर २०२२ मध्यें सुमारें हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश राखीव ठरविण्यांत आला. पण सरकारी कागदानें काळोख राहत नाहीं. तेथील गांवकरी रात्रीं खिडक्यांवर जाड पडदे ओढतात, दिव्यांना खालीं तोंड असलेलीं झांकणें घालतात, आणि प्रवाशांच्या मोटारींना पुढचे दिवे मंद करावयास सांगतात. खोऱ्यांतील कांहीं तरुण-तरुणींस लहान दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखविण्याचें शिक्षणही दिलेलें आहे. त्यांत मुलींचा भरणा अधिक आहे.