फेफरे, आकडी आणि अपस्मार



रोगाला नाव देणे हे वैद्याचे काम, असे आपण समजतो. परंतु त्या नावापायी माणसाचे काय व्हायचे, हे ठरवितात शेजारी, सोयरे, मुकादम आणि कायदा. म्हणून झटक्यांच्या आजाराला मिळालेल्या नावांचा इतिहास आपणही जाणून घेतला पाहिजे.

आपला शास्त्रीय शब्द 'अपस्मार'. स्मृती म्हणजे घडलेल्याचे ज्ञान आणि 'अप' म्हणजे ते सुटणे, अशी फोड सुश्रुतसंहितेत आहे. चरकसंहितेने वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार सांगितले. ही उपपत्ती आज कोणी मानो वा न मानो, नावात भूत नाही; हरपणारे भान आहे.

ग्रीकांचा 'एपिलेप्सी' हा शब्द मात्र 'धरणे, झडप घालणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. धरले, तर कोणी? लोक म्हणत, देवाने. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील 'पवित्र रोगाविषयी' या ग्रंथाने बजावले, की हा रोग इतर रोगांहून अधिक पवित्र नाही. त्याचे मूळ मेंदूत आहे. पुढे १८७३ साली ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने, झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातील अवचित आणि अतिरेकी विसर्ग, अशी व्याख्या केली. १९२९ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्लहरींचा आलेख प्रसिद्ध केला.

आता महत्त्वाचा भेद पाहा. झटका ही घटना आहे. अपस्मार हा आजार आहे. लहान मुलाला तापात आकडी येते, रक्तातील साखर एकदम उतरली तरी झटका येतो. तेवढ्याने अपस्मार ठरत नाही. तात्कालिक कारणावाचून, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, किंवा एकच येऊन पुन्हा येण्याचा संभव फार मोठा असला, तर अपस्मार म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ साली ठरविले.

हा भेद पुस्तकी नव्हे. एका कारखान्यात मधुमेही कामगाराला उपाशीपोटी रात्रपाळीत एकच झटका आला. चिठ्ठीवर 'फिट' एवढाच शब्द होता. मुकादमाने त्याचे 'फेफरे' केले आणि त्याचे काम गेले. साखरेचा कागद पुढे करून आम्ही भांडलो, तेव्हा तीन महिन्यांनी तो कामावर परतला.

कायद्यातही हाच घोटाळा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार बसविला. तो शब्द निघायला १९९९ साल उजाडले. तेवीस वर्षे एका शब्दाने संसार अडविले!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य निदान व उपचार मिळाले, तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतील. तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते विचारा, कारण लिहून मागा. आणि माणसाला त्याच्या नावानेच हाक मारा, रोगाच्या नव्हे.