अन्नपिशवी तुंबणे

परसातल्या कोंबडीचा एक आजार. अन्ननलिका छातीत उतरण्याच्या थोडे आधी फुगून तिची एक पिशवी झालेली असते. ती गळ्याच्या मुळाशी, उजव्या अंगाला, कातडीच्या लगेच खाली हाताला लागते. तिच्यात चारा गच्च बसून पुढे सरकेनासा झाला, की पिशवी तुंबली असे म्हणतात. एका कोंबडीकडून दुसरीला होणारा हा रोग नव्हे. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आला तर पुष्कळदा घरीच सुटतो, आणि दुर्लक्ष झाले तर कोंबडी भरल्या पिशवीनिशी उपाशी मरते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातल्या शेतीत आणि घरधंद्यांत तो होण्यासारखी बरीच कारणे आहेत. ही नोंद त्या मुलखाला धरून केली आहे.

पिशवीचे काम

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा ती तसाच गिळते. तो पिशवीत थांबतो, पाण्याने आणि आतल्या चिकट स्रावाने भिजतो आणि थोडाथोडा करून जठरात व तिथून पेट्यात जातो. कलेजी-पेटा खाणाऱ्यांना पेटा ओळखीचा आहे. जाड स्नायूंचा हा अवयव कोंबडीने चोचीने उचललेल्या बारीक खड्यांच्या मदतीने दाणा भरडतो. खडे नसलेला पेटा म्हणजे टाकी न लावलेले जाते: फिरते, पण पीठ पडत नाही. मग मागचा माल मागेच राहतो.

खुद्द पिशवीत पचन फारसे होत नाही. तिथे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू असतात. त्यांच्यामुळे आत आंबटपणा टिकतो आणि घातक जंतूंना आळा बसतो. दिवस मावळताना कोंबडी पिशवी भरून घेते आणि रात्रभर त्यावर काढते. म्हणून संध्याकाळी टम्म आणि पहाटे रिकामी, सैल पिशवी हे निरोगी कोंबडीचे लक्षण. या आजाराचे सगळे निदान एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

कारणे

मुख्य कारण लांब, चिवट तंतूचा चारा. कोवळ्या गवताचा शेंडा कोंबडी तोडून खाते आणि तो पचतो. वाढलेले, जून झालेले गवत ती ओढून सबंध गिळते. अशा काड्या पिशवीत एकमेकींत गुंततात, त्यांचा बोळा होतो, आणि नंतर खाल्लेला दाणा त्या बोळ्याभोवती बसत जातो. अंड्यावरच्या कोंबडीला आसरा म्हणून घातलेले भाताचे पिंजर, गुऱ्हाळाकडचे चिपाड, उसाचा वाळका पाला, झडलेली पिसे या सगळ्यांतून तेच घडते.

खानापूर आणि बेळगाव तालुक्यांच्या भातपट्ट्यात धूळवाफ पेरणीच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, कोंबड्या पेरलेले उकरतात म्हणून डालग्याखाली कोंडल्या जातात. कोंडलेल्या कोंबडीला अनेकदा पुरेसे खाणे-पाणी मिळत नाही. उगवण झाल्यावर तिला सोडतात तेव्हा बांधावर पहिल्या पावसाचे गवत तरारलेले असते आणि भुकेली कोंबडी त्यावर तुटून पडते. उपास आणि लगेच अधाशी खाणे ही जोडी पिशवी तुंबण्याला नेमकी पोषक. सुगीत खळ्यावर सांडलेले कोरडे धान्य किंवा सोयाबीन खाऊन वर पाणी पिणाऱ्या कोंबडीचेही असे होऊ शकते, कारण दाणा आत फुगतो.

निपाणीची गोष्ट वेगळी आहे. तंबाखूच्या वखारींचे हे गाव. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालेल्या तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनाने ते महाराष्ट्रभर ठाऊक झाले. इथे घरोघर बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात आणि प्रत्येक विडीला दोरा गुंडाळतात. दोऱ्याचे तुटके तुकडे झाडलोटीत अंगणात येतात. कोंबडीला हलता दोरा किडा वाटतो, ती तो गिळते. दोरा पचत नाही. कधी त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकून राहते आणि दुसरे पिशवीत उतरते. अशी कोंबडी चोळण्याने बरी होत नाही. म्हणून या भागात उपचाराला हात घालण्याआधी चोच उघडून जिभेखाली पाहणे आवश्यक आहे. सुतळी, पोत्याचे प्लास्टिकचे धागे आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे यांनाही हेच लागू.

खड्यांचा अभाव हे कारण नवे आहे आणि वाढते आहे. मातीचे परडे जाऊन कोबा, फरशी, सिमेंटचे गटार आले. पिंजऱ्यात किंवा गच्चीवर पाळलेल्या कोंबडीला टिपायला खडा मिळत नाही. शिंपल्यांची पूड घातली म्हणजे भागले, असा समज आहे. शिंपला पोटात विरघळतो. अंड्याच्या कवचाला तो हवाच, पण भरडण्याच्या कामाचा नाही. त्यासाठी काळ्या दगडाची बारीक कच किंवा नदीची जाड वाळू लागते. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांत एके काळी ती विकत घ्यावी लागेल असे कोणाला वाटलेही नसते.

कधीकधी पिशवी तुंबणे हा मूळ आजार नसून दुसऱ्याच रोगाची खूण असते. मरेक्स या विषाणुजन्य रोगात पिशवीला चालना देणारी नस निकामी होते. तरण्या तलंगांत एक पाय पुढे, एक मागे असा लुळेपणा दिसला तर हाच संशय घ्यावा. उबवणी केंद्रात एक दिवसाच्या पिल्लाला मरेक्सची लस टोचतात. घरच्या खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती सहसा मिळत नाही. शिशाची विषबाधा, पेट्यातच झालेला अडथळा, अंडे पोटात फुटून आलेली सूज यांनीही पिशवीतला चारा पुढे सरकायचा थांबतो.

ओळख

कोंबडी पहाटे दाणा टाकण्याआधी हातात घ्यावी. पिशवी घट्ट, मळलेल्या कणकेसारखी किंवा आत काड्यांचा गोळा लागत असेल, तर ती तुंबली आहे. अशी कोंबडी मान लांबवते, डोके झटकते, जांभई दिल्यासारखी चोच उघडते, पाण्याकडे सारखी जाते, दाणा चोचीत घेऊन टाकून देते. विष्ठा कमी, पातळ आणि हिरवट होते. ती उपाशी असल्याची खूण आहे. छातीचे हाड धारदार लागू लागले तर आजार जुना आहे.

संध्याकाळी भरलेली पिशवी पाहून घाबरू नये. खुडूक कोंबडीही फसवते. ती दिवसातून एकदा उठते आणि बकाबका खाऊन पुन्हा बसते, म्हणून तिची पिशवी भलत्या वेळी भरलेली असते.

पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस घाण येत असेल, तर ते आंबलेली पिशवी या वेगळ्या आजाराचे लक्षण होय. त्यात कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते आणि तोंडात पांढरे चट्टे दिसू शकतात. त्यावर तेल आणि चोळणे हा उपाय नव्हे. त्याला बुरशीनाशक औषध लागते. पिशवी सैल होऊन कायमची लोंबत असेल, तर तिच्या स्नायूंची ताकद गेलेली असते आणि पूर्ण बरे होण्याची आशा थोडी.

एका वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, हिरवी हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, तर ही नोंद मिटून ठेवावी. ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. तिच्यातही पिशवीत पाणी भरते. पटापट मरतूक होत असेल तर पशुसंवर्धन खात्याला कळवावे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो कोंबड्यांच्या मोठ्या मरतुकीतूनच उघड झाला.

घरचा उपचार

कोंबडी वेगळी करावी. डालग्याखाली स्वच्छ पोते अंथरावे, पिंजर नको, नाहीतर ती तेच खात बसते. 12 ते 24 तास दाणा बंद, पाणी मात्र समोर. मग सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने, थेंब थेंब, कोंबडी स्वतः गिळेल तसे कोमट पाणी पाजावे: एका वेळी 5 ते 10 मिलिलिटर. त्याबरोबर 2-3 मिलिलिटर शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल चालते. दहा-पंधरा मिनिटांनी कोंबडी मांडीवर सरळ धरून पिशवी बोटांच्या पेरांनी हलके मळावी, गोळा सुटा करावा. पाच मिनिटे पुरेत, दिवसातून तीन-चार वेळा. गळ्याकडे वर ढकलायचे नाही. जोर लावायचा नाही. कोंबडी तोंड उघडून धापा टाकू लागली तर लगेच थांबावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी निम्म्याने उतरली असेल तर उपचार बरोबर चालला आहे. मऊ भाताची पेज, भिजवलेला कोंडा असे थोडे थोडे द्यावे. धान्य आणि पाला पिशवी पहाटे पूर्ण रिकामी सापडेपर्यंत नको. 36 तासांत काहीच फरक पडला नाही तर घरचे उपाय संपले.

कोंबडी उलटी धरून ओकवण्याचा प्रकार सर्रास सांगितला जातो. तो करू नये. वर आलेले पाणी श्वासनलिकेत जाते आणि कोंबडी हातातच मरते, किंवा दोन दिवसांनी फुप्फुसाच्या सुजेने मरते. मोरचुदाचे पाणी अंदाजाने पाजणेही तसेच, मात्रा थोडी चुकली की विष. तंबाखू या भागात हाताशी असते म्हणून लिहावे लागते: तंबाखूचे पाणी कोणत्याही कारणाने कोंबडीच्या पोटात जाऊ देऊ नये. निकोटीन पक्ष्याला फार थोड्या मात्रेत मारते. पाव, कणकेचा गोळा, दूध यांनी तुंबारा वाढतो.

शस्त्रक्रिया

जुन्या इंग्रजी कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत पिशवी घरीच चिरून, रिकामी करून, सुईदोऱ्याने शिवायची कृती दिलेली असे. ब्लेडने पिशवी फाडणे अवघड नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. घरी शिवणारा बहुधा पिशवी आणि कातडी एकाच टाक्यात घेतो. दोन्ही एकमेकींना चिकटतात, भोक राहते आणि प्यालेले पाणी गळ्यातून बाहेर झिरपते. पशुवैद्य आधी जागा बधिर करतो किंवा भूल देतो. पक्ष्यांना लिग्नोकेनसारख्या बधिरतेच्या औषधाची मात्रा सहज जास्त होते, त्यामुळे तीही वजनावर मोजून द्यावी लागते. मग रक्तवाहिन्या चुकवून दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतला जातो, बोळा काढला जातो, पिशवी धुतली जाते, खाली जठराकडे जाणारी वाट मोकळी आहे का हे पाहिले जाते. पिशवी वेगळी, विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात आणि कातडी वेगळी. मरेक्स किंवा खालचा अडथळा असेल तर शस्त्रक्रियेनंतरही पिशवी पुन्हा तुंबते.

1984च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार असे काम नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे असते. अडचण कायद्याची नाही, सवयीची आहे. तालुक्याचा दवाखाना म्हशी-गायींसाठी, असे धरून चालले जाते आणि कोंबडी कापडी पिशवीतून घेऊन जाणारा माणूस हसण्याचा विषय होतो. हिशेब मात्र तसा नाही. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50-60 अंडी देते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात 1980च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली गिरिराज 130 ते 150 पर्यंत जाते. पिल्ले काढणारी खुडूक कोंबडी त्याहून मोलाची. अशा कोंबडीसाठी दवाखान्याची फेरी परवडते. म्हातारी, अंडी थांबलेली, आधीही एकदा तुंबलेली कोंबडी असेल तर शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये. तिला दिवसेंदिवस उपाशी झुरत ठेवणे हा मात्र सगळ्यांत वाईट पर्याय.

औषध दिलेल्या कोंबडीची अंडी आणि मांस किती दिवस वर्ज्य, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ते औषधागणिक बदलते. काय झाले हे न कळताच मलूल झालेली कोंबडी कापून खाऊ नये.

प्रतिबंध

परड्यातले गवत वीतभर होण्याआधी कापावे. कापलेले लांब गवत कोंबड्यांपुढे टाकू नये, बारीक चिरून टाकावे. कोंडलेल्या कोंबड्या सोडण्याआधी त्यांना दाणा-पाणी द्यावे. फुटक्या मडक्यात दगडाची कच कायम असावी. उन्हाळ्यात पाण्याचे भांडे कोरडे पडू देऊ नये. विड्या वळणाऱ्या घरात दोऱ्याचे तुकडे वेगळ्या डब्यात टाकून जाळावेत. यांतल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही.

निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव साधारण 75. कोंबडीसाठी एवढे जायची गरज सहसा पडत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो.