अणू म्हणायचं कोणाला?

‘अणू म्हणजे काय हो?’ असे कोणी विचारले, की मी आधी विचारतो, ‘कुठल्या भाषेतला?’ हा वाह्यातपणा नव्हे. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु ही पदवी मॉलिक्यूलला देतात. म्हणजे मराठीतला रेणू मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की अणु होतो! ही बढती म्हणायची की नुसती बदली, देव जाणे. ट्रॉम्बेचे भाभा केंद्र मराठीत ‘अणुसंशोधन’ करते आणि हिंदीत ‘परमाणु अनुसंधान’, ते यामुळेच.

पण आपणच गोंधळी, असे मानायचे कारण नाही. युरोपातल्या पंडितांनी यापेक्षा मोठा गोंधळ घातला. ग्रीक भाषेत ॲटम म्हणजे न कापता येणारा. इंग्लंडच्या जॉन डाल्टनने १८०८ साली आपल्या ग्रंथात त्याला रसायनशास्त्रात मानाचा पाट दिला. पण पाण्याच्या कणालाही तो ‘संयुक्त ॲटम’च म्हणे. १८११ साली इटलीचा आव्होगाद्रो म्हणाला, हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या वायूंचे कण एकेकटे नसतात, जोडीने राहतात. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. मग कोणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरी, कोणी १६. व्हिनेगरमधल्या आम्लाची तर १९ सूत्रे केकुलेने आपल्या पुस्तकात मांडून दाखवली. विष्णूला सहस्र नावे शोभतात हो, पण व्हिनेगरला?

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस बसले. विषय हाच : ॲटम कोणाला म्हणायचे आणि मॉलिक्यूल कोणाला? परिषदांच्या रीतीप्रमाणे पक्के काहीच ठरले नाही. पण निघताना इटलीच्या कानिझारोची एक पुस्तिका पाहुण्यांच्या हाती पडली. तिच्यात दोन्ही शब्द निरनिराळे करून अणुभारांचा हिशेब चोख मांडला होता. पाहुण्यांत मेंडेलेयेव्ह नावाचा २६ वर्षांचा रशियन होता. १८६९ साली त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली, ती याच अणुभारांच्या पायावर.

पुढे १८९७ साली थॉमसनला अणूच्या पोटातला इलेक्ट्रॉन सापडला आणि ‘न कापता येणारा’ हे नुसते नावच उरले. त्याने काही बिघडले नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे आपल्याला चालते. पण एका सोनूबाईच्या नावावर दोघी हजर झाल्या, की पंचाईत होते. पुण्याहून भोपाळच्या हिंदी शाळेत गेलेल्या मुलाला विचारा. ‘अणु की परिभाषा लिखिए’ या प्रश्नाला तो घोकलेले मराठी उत्तर चोख लिहितो आणि भोपळा घेऊन घरी येतो.