ऑनलाईन शिकवणीपूर्वी मुलांची तयारी

जबलपूरजवळील खमरिया हा परिसर आयुध निर्माणीसाठी ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, ही निर्माणी सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. त्यामुळे जबलपूरमध्ये मराठी कुटुंबांचे वास्तव्य जुने आहे. या कुटुंबांतील मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात. गणित-विज्ञानासाठी असो वा मराठी वाचन-लेखनासाठी, दूरच्या शिक्षकाकडून शिकण्याची सोय त्यांना उपयोगी ठरू शकते. मात्र संगणक आणि इंटरनेट घरी आले म्हणजे तयारी झाली, असे नाही.

सर्वांत मोठी अडचण

वर्गात शिक्षकाला मुलाची वही दिसते, चेहरा दिसतो. पडद्यावर यांपैकी फारच थोडे दिसते. न समजलेला भाग मुलाने स्वतःहून सांगितला नाही, तर तो कोणाच्याही लक्षात येत नाही. अबोल मूल अशा वेळी महिनोन्‌महिने मागे पडत जाते आणि पालकांना ते परीक्षेच्या निकालानंतरच कळते. म्हणून 'मला हे समजले नाही' असे न संकोचता म्हणता येणे, ही ऑनलाईन शिकवणीची पहिली पात्रता होय.

त्यासाठी सराव करता येतो. शिकवणी सुरू होण्याच्या आठवडाभर आधी नागपूरची आजी किंवा पुण्याचा मामा यांच्याशी व्हिडिओ कॉल लावावा. त्यांनी मुलाला एक गणित समजावून सांगावे व मधली एक पायरी मुद्दाम गाळावी. मुलाने त्यांना थांबवून ती पायरी विचारावी. आवाज बंद-चालू करणे, हात वर केल्याची खूण देणे आणि वहीचे पान कॅमेऱ्यासमोर स्थिर धरणे यांचाही सराव याच वेळी होतो.

भाषेचा प्रश्न

मराठी शिक्षक 'अपूर्णांक' म्हणतो, तर हिंदी पाठ्यपुस्तकात 'भिन्न' असे छापलेले असते. 'त्रिकोण' आणि 'त्रिभुज' यांचेही तसेच. मुलाला गणित येत असते, पण शब्द अडतो. शाळेच्या पुस्तकातील संबंधित पाने शिक्षकाकडे आधी पाठवावीत आणि दोन्ही भाषांतील शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी.

वेळ आणि जागा

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार शाळांच्या ऑनलाईन वर्गांसाठी पहिली ते आठवीपर्यंत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे, तर नववी ते बारावीसाठी चार सत्रे सुचविण्यात आली. खासगी शिकवणीची वेळ ठरवितानाही हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवणे हितावह आहे. शाळेतून आल्याबरोबर शिकवणी ठेवू नये. खाणे आणि खेळणे झाल्यावर ठेवावी. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहिल्याने डोळ्यांना विश्रांती मिळते.

मूल बसेल ती जागा घरातील इतरांना येता-जाता दिसेल अशी असावी. बंद खोली टाळावी. प्रकाश समोरून यावा, पाय जमिनीवर टेकावेत. वही-पेन्सिल आधीच जवळ ठेवावी आणि मोबाईलवर शिकवणी असल्यास इतर सूचना बंद कराव्यात.

पैसे आणि सुरक्षितता

शिकवणी कंपन्यांशी व्यवहार करताना सावध राहण्याचा सल्ला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना दिला होता. शुल्क खात्यातून आपोआप वळते होण्याची सोय टाळावी आणि अटी वाचूनच संमती द्यावी, असे त्यात म्हटले होते. एकदम वर्षाचे शुल्क भरण्याऐवजी काही तास शिकून पाहावे.

शिक्षकाशी सर्व संपर्क पालकांच्या माहितीत राहील, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करावे. घरचा पत्ता, संकेतशब्द किंवा छायाचित्रे कोणी मागितली, तर पडदा बंद करून मोठ्यांना बोलवायचे, हे मुलाला सांगून ठेवावे. असे केल्यास कोणीही रागावणार नाही, हेही सांगावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारींसाठी १९१५ हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत.

महिन्यानंतर आढावा

पाळीने काम करणाऱ्या पालकांना प्रत्येक तासाला हजर राहणे शक्य नसते. त्यांनी आठवड्यातून एकदा वही पाहावी आणि 'काय शिकलास?' याऐवजी 'या आठवड्यात काय विचारलेस?' असा प्रश्न करावा. महिनाभर मुलाने एकही शंका विचारली नसेल, तर त्याला सर्व समजते असे गृहीत धरू नये. शिक्षकाशी बोलावे, तासाची वेळ बदलून पाहावी आणि आवश्यक वाटल्यास शिकवणी थांबवावी. मुलाला जवळच्या शिक्षकासमोर बसून अधिक चांगले शिकता येत असेल, तर तो मार्ग स्वीकारण्यात कमीपणा नाही.