राजाबाई टॉवर आणि सुरतेचे प्रेमचंद

मुंबईला गेल्यावर फोर्टमधला राजाबाई टॉवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. पण तो ज्यांच्या पैशातून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद मूळचे आपल्या सुरतेचे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. 1831 साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद पुढे मुंबईच्या कापूस आणि शेअर बाजाराचे बडे प्रस्थ झाले. आज घरोघरी डिमॅट खाती उघडणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांनी त्यांची कहाणी जरूर ऐकावी.

आधी शेअर म्हणजे काय ते पाहू. मंडळाला आपण वर्गणी देतो, पण म्हणून मंडप आपल्या मालकीचा होत नाही. शेअर घेणारा मात्र कंपनीचा मालक होतो, जेवढे शेअर तेवढ्या हिश्शाचा. नफा वाटला तर त्याला लाभांश मिळतो, सभेत मत देता येते. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली, ती अशाच भागभांडवलावर. 1857 च्या कंपनी कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित ठेवण्याची सोय केली. कंपनी बुडाली तर शेअरची रक्कम जाते. कंपनीच्या देण्यापायी भागधारकाचे घरदार जात नाही.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. हिंदुस्थानच्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. या ‘सुरत’ला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर सुमारे 50,000 रुपयांवर गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

कंपनी काय कमावते, हे कोणी विचारत नव्हते. उद्या कोणीतरी जास्त भाव देईल, एवढ्याच भरवशावर खरेदी चालली होती, तीही उसन्या पैशावर. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे देत होती. पुढच्या तारखेचे वायदे होत होते. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपत आले, कापूस कोसळला. 1 जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा कोणाकडेच पैसा नव्हता. बॅकबेचा शेअर 2,000 च्याही खाली आला. नामांकित पेढ्या बसल्या, प्रेमचंदांचे दिवाळे निघाले, पुढे बँकही बुडाली.

खरा धडा इथेच आहे. कायदा भागधारकाला कंपनीच्या कर्जापासून वाचवतो. शेअर घेण्यासाठी त्याने स्वतः काढलेल्या कर्जापासून नाही. आपल्या बचतीतून शेअर घेणाऱ्याचे नुकसान झाले, तरी ते त्या बचतीपुरतेच राहते. उसनवारीने घेणाऱ्याच्या दारात सावकार उभा राहतो.

कोसळण्यापूर्वी, 1864 साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी 4 लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. 1878 मध्ये तो पूर्ण झाला. 1875 साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली, तोच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. बाजार सावरला, वाढला, आज तो आपल्या मोबाइलवर आला आहे. म्हणून बटण दाबण्याआधी मुलांना दोनच प्रश्न विचारायला शिकवूया: ही कंपनी नेमके काय करून कमावते? आणि हा पैसा माझा आहे ना?