गोठवलेले मॅकरोनी-चीज : पोषणमूल्य
उणे १८ अंश सेल्सियसला साठवून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे तयार जेवण. याच्या पोषणातील उणिवेचा दोष अनेकदा गोठवण्यावर ढकलला जातो. ते चुकीचे आहे, कारण थंडीने प्रथिने वा कॅल्शियम नाहीसे होत नाही. उणीव घटकांतच आहे. मॅकरोनीत तंतू कमी, तर चीज व त्यातील क्षारांमुळे सोडियम भरपूर. एका पाकिटात ते अनेकदा ७०० ते १,००० मिलिग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेची दैनिक मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. चीजमधून प्रथिने मिळतात, हा बचाव खरा, पण उसळ-भाकरीतून प्रथिनांसोबत तंतूही मिळतो. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील पाळीच्या कामगाराला स्वयंपाकाला वेळ नसतो, हा आक्षेप रास्त आहे. मात्र १९४८च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली ती याच गरजेपोटी. रोजच्या जेवणाला हे पाकीट पर्याय ठरत नाही.