पेटी आणि भिंतीतले कपाट

निवृत्तीनंतर मी घरात पुस्तकांसाठी एक भिंतभर कपाट करून घेतले. मोजमाप घेताना सुतारमिस्त्रींनी विचारले, "सर, टीव्हीला जागा कुठे सोडायची?" टीव्ही नाही, सगळी भिंत पुस्तकांची, असे मी सांगितल्यावर त्यांनी टेप पुन्हा लावला आणि म्हणाले, "मग माप वेगळे. पुस्तकाला वजन असते."

माझ्या लहानपणी गावचा सुतार आमच्या उंबऱ्याच्या आत आल्याचे मला आठवत नाही. घराच्या मातीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात रॉकेलची चिमणी असे. वडिलांकडे जी आठ-दहा पुस्तके आणि जुने अंक होते ते पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याखाली. पुस्तक वाचायचे म्हणजे आधी पेटी उघडायची, वाचून झाले की पुन्हा कुलूप. पुढे शिकायला आणि नंतर नोकरीला शहरात आलो. भाड्याच्या खोल्या बदलल्या. एका घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावले होते, भिंतीला खिळा मारायचा नाही. काही महिन्यांनी माझे आडनाव त्याच्या नीट ध्यानात आले, तेव्हा खोलीच सोडावी लागली. पुस्तके पोत्यात भरून सायकलरिक्षावर नेली. त्या रिक्षात मला प्रथम कळले, की कपाट भिंतीत बसवायचे तर आधी भिंत आपली हवी.

आपल्या वाचनाचा इतिहास लिहिताना आपण कोणी काय वाचले याची नोंद करतो. ते वाचलेले कुठे ठेवले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही. बाबासाहेबांच्या चरित्राकडे या अंगाने पाहावे. 1917 मध्ये ते लंडनहून परतले तेव्हा त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध चालू होते, पाणतीराने ते जहाज बुडाले आणि न्यूयॉर्क-लंडनमध्ये उपाशीतापाशी राहून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. त्यानंतरची अनेक वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्या. त्यात संसार, माणसांची ये-जा आणि पुस्तकेही. महाडचा सत्याग्रह 1927 चा, पहिली गोलमेज परिषद 1930 ची. लंडनला जाऊन सम्राटाच्या प्रधानाशी वाद घालणाऱ्या या माणसाचे बिऱ्हाड त्या वेळी चाळीत होते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते.

मग 1930 च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे पांढरपेशांच्या वस्तीत, राजगृह उभे राहिले. नाव मगधाच्या प्राचीन राजधानीचे. माणसे सहसा घर बांधतात आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तके मावतील तशी मावतात. राजगृहाच्या आराखड्यातच पुस्तकांचा वाटा आधी काढलेला होता. वरचा मजला ग्रंथालयासाठी आणि लेखनासाठी. चारमिनार ही इमारतही त्यांची होती. ती त्यांनी 1941 मध्ये विकली, पुस्तकांसाठी आणि देणी फेडण्यासाठी. राजगृह मात्र ठेवले. घरात रमाबाईंच्या वाट्याला सुखाचे दिवस फारच थोडे आले. 27 मे 1935 रोजी त्या गेल्या. या घराविषयी लिहिताना ते विसरता येत नाही.

बाबासाहेबांच्या संग्रहाची संख्या पन्नास हजार सांगितली जाते. मी मिस्त्रींना ती सांगितली. त्यांनी पेन्सिल कानामागून काढली. पुस्तकाची जाडी सरासरी एक इंच धरली तर चार हजारांहून अधिक फूट फळी लागेल. माणसाच्या उंचीच्या वर हात पोचेल एवढे, सहा फळ्यांचे, तीन फूट रुंद कपाट घेतले तर तशी सव्वादोनशेच्या वर कपाटे. एका फुटातल्या पुस्तकांचे वजन नऊ-दहा किलो. "स्लॅब कोणी टाकला होता?" एवढेच त्यांनी विचारले. निम्मा संग्रह धरला तरी हिशोब लहान होत नाही. आणि हा संग्रह बाबासाहेबांनी कुलपात ठेवला नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि त्यांची पुस्तके त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांपुढे गेली.

पण कागदांचे नशीब पाहा. 6 डिसेंबर 1956 नंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते पुन्हा पेट्यांत गेली आणि वर्षानुवर्षे सरकारी ताब्यात बंद राहिली. शासनाचे खंड 1979 पासून निघू लागले. वसंत मून यांनी ते कागद मिळवून, लावून, वाचून जे काम केले त्याचे मोल आपण अजून नीट केलेले नाही. 1987 मध्ये चौथा खंड आला आणि रस्त्यावर वादळ उठले. तीस वर्षे पेटीत पडलेल्या कागदाला इतके लोक भितात, हे तेव्हा दिसले. जुलै 2020 मध्ये राजगृहाच्या आवारात कुंड्या आणि काचा फोडल्या गेल्या, तेव्हाही मला तेच आठवले.

मोठ्या माणसाच्या कागदांना निदान वाली भेटतो. वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या कागदांना कोण भेटते? सभेची हँडबिले, जलशांच्या वह्या, दोन-तीन अंक काढून बंद पडलेली नियतकालिके, नामांतराच्या काळातली पत्रे. माणूस जातो, घरातले पोरगे फ्लॅटमध्ये राहायला जाते, पेटी गच्चीवर जाते, तिथे पावसाळा निघतो आणि शेवटी रद्दीचा तराजू. माझ्या एका मित्राचा तीस वर्षांचा संग्रह असा किलोवर गेला. मुलाला दोष देऊन चालणार नाही. पेटीत काय आहे हे त्याने कधी पाहिलेलेच नव्हते. उघड्या फळीवरचे पुस्तक घरातले पोर येता-जाता पाहते, कधी ओढून काढते, कधी फाडतेसुद्धा.

म्हणून मिस्त्रींनी सांगितलेले इथे लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. फळी तीन फुटांच्या वर लांब नेऊ नये, झोल येतो. खोली दहा-बारा इंच पुरे. जास्त ठेवली की मागे दुसरी रांग लागते आणि मागची पुस्तके मेली म्हणून समजा. बाहेरच्या भिंतीला पाठ चिकटवू नये, ओल उतरते. बोटभर फट सोडावी. वाळवीचे औषध फळी बसवण्याआधी भिंतीला मारावे, नंतर नव्हे. खालचा कप्पा उंच ठेवावा, बांधीव फायली उभ्या राहतील असा.

शेवटच्या दिवशी त्यांनी वडिलांची पेटी हलवून पाहिली आणि विचारले, "सर, हिचे काय करायचे?" आम्ही दोघांनी मिळून ती उघडली. अंकांच्या कडा कुरतडलेल्या होत्या, अक्षरे शाबूत होती. खालच्या कप्प्यात ते सगळे लावायला संध्याकाळ झाली. मधे नात येऊन बसली आणि पहिल्या अंकावरचे साल वाचून दाखवू लागली.